अमरावती रोडवरून दीक्षाभूमीकडे

अमरावती ते नागपूर हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारातल्या आम्ही बाया याच रस्त्याने जातो. तेव्हा गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते. यंदा मात्र जानेवारीत, गर्दी नसताना, एस.टी.ने निघालो. महिला मंडळाच्या आम्ही तिघी आणि सोबत आमची भाची. ती एम.एस्सी. होऊन आता संशोधन करते. संत्र्याच्या झाडावर पडणारा डिंक्या रोग हा तिचा विषय.

मोझरी, तिवसा, तळेगाव, कारंजा मागे पडले. कोंढाळीच्या आसपास दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. भाची खिडकीतून दाखवू लागली, "मावशी, डिंक सुटतो तो बुंध्याला, पण रोग येतो मातीतून. नुसतं वरून बोर्डो पेस्ट लावून भागत नाही. मुळाशी पाणी साचू द्यायचं नसतं."

आम्ही कौतुकाने ऐकत होतो. हेच सगळे तू परवाच्या परिषदेत सांगितलेस का, असे विचारले तर ती गप्प झाली. मग हळूहळू बोलली. परिषदेत मुली पुष्कळ होत्या. नावनोंदणीच्या टेबलावर मुली, स्वागतगीताला मुली, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला मुली. व्यासपीठावर मात्र ओळीने सगळे सर! प्रश्नोत्तराला दहा मिनिटे होती, ती पुढच्या दोन रांगांतल्या पुरुषांतच संपली. तिने हात वर केला होता, पण माईक तिच्यापर्यंत आलाच नाही.

आम्हाला वाटले, ही पोर लाजरी, तिचेच चुकले असेल. पण ती म्हणाली की याचाही अभ्यास झालेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दहा देशांतल्या सुमारे अडीचशे व्याख्यानांचे निरीक्षण केले गेले. तिथे बाईपेक्षा पुरुषाने प्रश्न विचारण्याची शक्यता अडीच पट होती. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, की पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी होत. आपल्या देशातही दोन महिला वैज्ञानिकांनी २०२० मध्ये 'बायस वॉच इंडिया' हा उपक्रम सुरू केला. कोणत्या परिषदेत किती महिला वक्त्या बोलावल्या, याची त्या मोजदाद मांडतात. त्यांच्या पाहणीत विज्ञानशाखांच्या प्राध्यापकांत महिला सुमारे १७ टक्केच निघाल्या. म्हणजे शंभरातल्या सतरा. वर्गात शिकणाऱ्या एवढ्या मुली मधल्या मधे जातात कुठे?

वाडी ओलांडून गाडी नागपुरात शिरली. डाव्या-उजव्या हाताला विद्यापीठाचा परिसर लागला. २०२३ च्या जानेवारीत इथेच भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले होते. सुरुवात ३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीमाईंच्या जयंतीदिनीच झाली! अध्यक्षपदी विजयलक्ष्मी सक्सेना होत्या आणि अधिवेशनाच्या विषयातच महिला सक्षमीकरणाचा समावेश होता. हे चांगलेच झाले. पण याच अधिवेशनातल्या महिलांच्या कार्यक्रमात हळदीकुंकू आणि रांगोळी स्पर्धा झाल्याचे वर्तमानपत्रांत वाचले, तेव्हा आमचे मन खट्टू झाले होते. रांगोळीशी आमचे वैर नाही. पण हळदीकुंकू सवाष्णींचे. मग ज्या संशोधक बाईचा नवरा वारला आहे, जिने लग्नच केलेले नाही, किंवा जी आमच्यासारखी बौद्ध आहे, तिने त्या वेळी कुठे बसायचे? आणि पुरुष वैज्ञानिकांसाठी असा कार्यक्रम कधी कोणी ठेवला आहे का?

ही काँग्रेस १९१४ साली सुरू झाली. पहिल्या महिला अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी, १९७५ साली झाल्या. मधे एकसष्ट वर्षे गेली.

सीताबर्डीवरून रिक्षाने दीक्षाभूमीला पोहोचलो. त्या दिवशी शांतता होती. स्तूपात वंदना घेतली, बोधिवृक्षाखाली शिदोरी सोडली. आवारातल्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयातून मुलींचे घोळके बाहेर पडत होते. कोणाच्या हातात वही, कोणाच्या हातावर घडी केलेला प्रयोगशाळेचा पांढरा कोट. चौदा ऑक्टोबर १९५६ ला ज्या आयाबाया इथे पांढरी लुगडी नेसून आल्या, त्यांच्या या नाती-पणत्या.

याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्षा होत्या आमच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली, गिरणीत राबणाऱ्या बायांना रजा, मुलींसाठी वसतिगृहे आणि कायदेमंडळात जागा मागितल्या. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्यातल्या कितीतरी बायांना सहीसुद्धा येत नसेल. पण व्यासपीठ त्यांचे होते आणि ठरावही त्यांचेच होते.

शिदोरी खाता खाता भाचीने मनातली खरी गोष्ट काढली. बंगळूरच्या एका परिषदेत तिचे पोस्टर मांडायला निवडले गेले आहे. पण घरी भाऊजी म्हणतात, "तीन दिवस एकटी पोर एवढ्या लांब? आणि भाड्याचे पैसे?" तिच्याच गटातला मुलगा मात्र कोणाला न विचारता तिकीट काढून मोकळा झाला.

आम्ही तिला कमला भागवतांची हकीगत सांगितली, पुढे त्या कमला सोहोनी झाल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या याच बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षा म्हणून घेतले. १९३९ ला त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. त्यांना निदान घरचे पाठबळ आणि शिकलेल्या घराण्याचा आधार होता. आपल्या पोरींना तो आधार आपणच व्हायला हवे.

परतीच्या गाडीत आमचे ठरले. जाण्यायेण्याचे भाडे मंडळाच्या भिशीतून द्यायचे. सोबत जायला तिघींपैकी एक तयार आहे, आणि भाऊजींना समजावण्याचे काम बाकीच्या दोघींनी अंगावर घेतले आहे. भाचीला एकच अट घातली : तिथे निदान एक प्रश्न विचारायचाच, आणि जमले तर सगळ्यांत पहिला.

भगिनींनो, तुमच्या वस्तीतही अशी एखादी लेक असेल. तिला परिषदेचे बोलावणे आले की "सोबत कोण?" असे विचारून थांबू नका. सोबत व्हा.

जयभीम.