हातभर अंतरावरचा तंबोरा

मंठ्यातल्या आमच्या घराला वर पत्रे आहेत आणि खाली शहाबादी फरशी. अशा खोलीत गाणं लावलं की ते एकदाच येत नाही. फरशीवरून येतं, पत्र्यावरून येतं, समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा येतं. शब्द तेवढे कळतात, सूर गढूळ होतो. स्पीकर मोठा आणला तर गढूळपणाही वाढतो. त्यापेक्षा आवाजाजवळ जाऊन बसावं. अंतर निम्मं केलं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं चढतो, खोलीतून परतणारा मात्र साधारण होता तेवढाच राहतो.

म्हणून टेबलावर ठेवायच्या स्पीकरच्या दोन लहान पेट्या मी स्वतः बांधल्या. प्रत्येकीत तीन इंची एकच ड्रायव्हर. खालपासून वरपर्यंत सगळं त्यानंच गायचं. प्लाय 12 मिलिमीटरचा, आतली जागा जेमतेम दोन लिटर, सगळीकडून बंद. आत कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते: ड्रायव्हरचा कागदी शंकू पुढे गेला की मागे ओढते, मागे आला की पुढे ढकलते. सांध्यात केसभर फट राहिली तरी ही पकड सुटते. म्हणून आतल्या प्रत्येक कोपऱ्यातून फेविकॉलचं बोट फिरवायचं आणि रात्रभर पेटीला हात लावायचा नाही. शंकूच्या मागे निघालेला आवाज आतल्या आत आपटत राहू नये म्हणून पेटीत काहीतरी मऊ भरावं लागतं. आमचा मुलूख कापसाचा. गादीवाल्याकडचा मूठभर पिंजलेला कापूस त्याला पुरला. तो दाबून बसवायचा नाही, बोटांनी मोकळा करून सोडायचा. हातांना त्या कामात जे सुख मिळतं ते मला फार थोड्या कामांत मिळालं आहे.

लहान पेटी म्हणजे तडजोड, असं पुष्कळांना वाटतं. बीबीसीनं 1970च्या दशकात एलएस 3/5ए नावाची पेटी केली ती मुळात बाहेरच्या कार्यक्रमांसाठी फिरणाऱ्या गाड्यांकरता, जिथे ऐकणारा माणूस स्पीकरला जवळजवळ खेटूनच बसलेला असतो. तीही बर्च लाकडाच्या 12 मिलिमीटर प्लायचीच, आणि गाणाऱ्याचा गळा खरा ऐकायचा असेल तर जाणकार आजही तिचं नाव घेतात.

माझी परीक्षा तंबोऱ्याची. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा. माझी पेटी सव्वाशेच्या आसपासच दमते, म्हणजे तो पाया तिच्यातून जवळजवळ निघतच नाही. तरीही खर्ज ऐकू येतो! तार छेडली की तिच्यातून 138, 207, 276 अशी स्वरांची उतरंड उठते, आणि तिच्यावरून खालचा 69 आपला कानच उभा करतो. हे मला आजही नवलाचं वाटतं. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यानं जवारी खुलते, ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विझलेली असते. हातभर अंतरावर ती पूर्ण मिळते; मिरजेच्या कारागिरानं दोरा सरकवत जे शोधलं असेल तेच आपल्यापर्यंत येतं.

ऐकण्याची आमच्याकडची उत्तम वेळ म्हणजे लाईट गेल्यावरची. उन्हाळ्यात पंखा, कूलर, शेजारची मोटर सगळं एकदम थांबतं. माझा छोटा अ‍ॅम्प्लिफायर 12 व्होल्टवर चालतो, त्यामुळे अडॅप्टर काढून बॅटरी जोडली की झालं. अशा वेळी ख्यालाच्या दोन आवर्तनांमधला गायकाचा श्वास ऐकू येतो. गाव पुन्हा गरगरायला लागेपर्यंत मी जागचा हलत नाही.

तुम्हालाही जमेल. ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल; प्लाय मात्र गावातल्या सुताराकडून काटकोनात कापून घ्या. दोन पेट्या आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू साधारण 65 सेंटिमीटरची. शंकू कानाच्या उंचीवर आणा, तोंडं आपल्याकडे वळवा, टेबलावर घोंगडीची घडी टाका म्हणजे लाकडावरून आवाज उसळणार नाही. आणि पहिल्या दिवशी गाणं लावू नका, नुसता तंबोरा लावा.