दोन खांबांमधले अंतर

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. धाडसाच्या असल्या स्मृती वागवणाऱ्या या शहरात मला मात्र धैर्य गोळा करावे लागले ते घरचा जिना चढण्यासाठी. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. रक्तवाहिनीतला अडथळा डॉक्टरांनी दूर केला, तपासण्यांचे निष्कर्षही समाधानकारक आले. पण छातीत जरा धडधड वाढली की पुढचा ठोका पडेल की नाही, एवढा एकच प्रश्न उरे. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभा राहिलो की आधी तो प्रश्नच माझी उलटतपासणी घेई. हळूहळू मी तारखा मागून घेऊ लागलो. काही पक्षकारांचे कागद तर परत केले.

भीतीचे तर्कशास्त्र मोठे चमत्कारिक असते. भ्यालेल्या माणसाचे हृदय जलद चालते आणि ते जलद चालते म्हणून तो अधिकच भितो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांमध्ये आढळलेल्या अशा धडधडीविषयी जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली लिहिले. त्या सैनिकांपैकी अनेकांच्या हृदयात दोष असा सापडला नव्हता. माझ्या बाबतीत तो सापडलेला होता. म्हणजे भीतीच्या हाती लेखी पुरावाच होता!

'पुन्हा काही होणार नाही' असा दाखला जगातला कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. माझ्या डॉक्टरांनीही तो दिला नाही. त्यांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून माझी चाचणी घेतली, नाडीची मर्यादा आखून दिली आणि सांगितले, "चालताना सहज बोलता येईल, इतक्याच वेगाने चाला."

अठवालाइन्सच्या चौपाटीवर, तापीच्या काठी, मी पहाटे चालू लागलो. पहिल्या दिवशी दिव्याच्या दोन खांबांमधले अंतर. मग बसणे, नाडी मोजणे. पुढे चार खांब, मग आठ. धडधड वाढे आणि थांबलो की आपोआप उतरे. वाढलेली धडधड उतरते, हे डॉक्टरांनी अनेकदा समजावले होते; पायांनी सांगितले तेव्हा ते पटले. नियमित चालण्याने स्नायू प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करू लागतात आणि तेच काम हृदय कमी ठोक्यांत उरकते. काही आठवड्यांनी न्यायालयाचा जिना मी मधे न थांबता चढलो, आणि त्याच महिन्यात एका खटल्याचा युक्तिवाद पुढची तारीख न मागता पुरा केला.

ही गोष्ट काही आजची नव्हे. हृदयशूळाचे नेमके वर्णन १७७२ साली प्रसिद्ध करणारे विल्यम हेबर्डन यांनी आपल्या एका रुग्णाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तो रोज अर्धा तास लाकडे कापी आणि जवळजवळ बरा झाला. त्यांच्या मृत्यूनंतर, १८०२ साली निघालेल्या ग्रंथात ती आहे. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या बापड्याला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याचीच रीत होती.

हल्ली चौपाटीवर एक वृद्ध गुजराती गृहस्थ भेटतात. त्यांचे दुखणे अजून ताजे आहे. "वकीलसाहेब, काही होणार तर नाही ना?" असे ते रोज विचारतात. याचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्यांच्या डॉक्टरांनी किती चालायला सांगितले आहे, एवढे मी विचारून घेतो आणि तितक्या खांबांपर्यंत त्यांच्याबरोबर, बोलत बोलत, चालतो.