झगमगाट फलकांचा, जीव पादचाऱ्याचा

रस्त्यावर दिवा लावायचा तो चालणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. पण अलीकडे आपल्या शहरांतल्या चौकाचौकांत असे दिवे लागले आहेत की त्यांच्यामुळे असलेली वाटही दिसेनाशी होते. हे दिवे म्हणजे जाहिरातींचे एलईडी फलक. लांबून पाहणाऱ्याला त्यांत शहराची प्रगती दिसते. आम्ही मात्र हमरस्त्याला लागून असलेल्या वस्तीत राहतो आणि रोज पायी रस्ता ओलांडतो. म्हणून या प्रगतीची दुसरी बाजू वाचकांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

पूर्वी फलक पेंटरच्या हातचे असत. नंतर फ्लेक्स आला आणि त्यावर वरून दिवे सोडले जाऊ लागले. त्या दोन्ही प्रकारांत उजेड फलकावर पडत असे. एलईडी फलक स्वतःच उजेड ओकतो, हा मोठा फरक आहे. भर उन्हात चित्र दिसावे म्हणून त्याची प्रखरता प्रति चौरस मीटर पाच हजार कँडेला किंवा त्याहूनही जास्त ठेवावी लागते. इंग्लंडमधील प्रकाशतज्ज्ञांनी शहरातल्या मोठ्या फलकांसाठी रात्रीची मर्यादा तीनशेच्या आसपास सुचवली आहे. म्हणजे दिवसाचा फलक रात्री मंद केला नाही, तर तो या मर्यादेच्या पंधरा पटींहून अधिक तळपत राहतो. मंद करण्याची सोय यंत्रात असते, परंतु ती वापरायची की नाही हे बहुधा फलकवाल्याच्या मर्जीवर राहते.

आपल्या डोळ्यांचा धर्म साधा आहे. प्रखर उजेड दिसला की बाहुली लगेच आकसते, पण पुन्हा अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वेळ लागतो. मोतीबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांत तर उजेड विखुरतो आणि समोर पांढरा पडदा धरल्यासारखे होते. अशा वेळी फलकाखाली रस्त्याच्या कडेला गडद साडी नेसून उभी असलेली बाई वाहनचालकाला दिसेल कशी?

दुसरी गोष्ट हलत्या चित्राची. हलणाऱ्या वस्तूकडे नजर आपोआप वळते आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते त्याचसाठी. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शंभर मोटारींत कॅमेरे बसवून चालकांच्या नजरेची नोंद ठेवली होती. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून अधिक काळ हटली तर अपघाताचा वा अपघात थोडक्यात टळण्याचा धोका निदान दुप्पट होतो, असे त्यात आढळले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून हिशेब मांडून पाहिला. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर पुढे जाते. तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी भरेल, तेवढे अंतर चालकाने न पाहता कापलेले असते!

स्वीडनमध्ये 2009 साली स्टॉकहोमजवळच्या महामार्गावर असे फलक प्रायोगिक तत्त्वावर बसवले होते. चालकांच्या नजरेची तपासणी केली तेव्हा इतर रस्ताचिन्हांपेक्षा या फलकांवर नजर जास्त वेळ खिळते असे दिसून आले आणि तिथल्या सरकारने ते काढायला लावले. उलट अमेरिकेच्या महामार्ग खात्याने 2013 साली जाहीर केलेल्या पाहणीत बहुतेक चालकांची नजर फलकावर अर्ध्या सेकंदाहूनही कमी ठरते असे आढळले. ही दुसरी बाजू सांगणेही आमचे कर्तव्य आहे. पण तिथला रुंद, आखीव रस्ता आणि आपला रस्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे त्याच रस्त्यावर हातगाडी असते, सायकल असते, शाळेची मुले असतात आणि पहाटेच्या अंधारात झाडू मारणारे आपले सफाई कामगार बांधवही असतात. तिथल्या चालकाला परवडणारा अर्धा सेकंद इथल्या पादचाऱ्याला परवडेलच असे नाही.

आमच्या वस्तीसमोरच्या चौकात असा फलक लागला तेव्हा सुरुवातीला सगळ्यांनाच त्याचे अप्रूप वाटले. पोरे जेवण झाल्यावर ओट्यावर बसून जाहिराती पाहत. आम्ही एकदा लाल सिग्नलला उभे राहून मोजले, तर सिग्नल सुटेपर्यंत अकरा चित्रे बदलली. सिग्नलचा लाल दिवा आणि जाहिरातीतला लाल रंग एकमेकांत मिसळून जात होते. फलकाच्या बरोबर खाली, जिथून लोक रस्ता ओलांडतात, तिथला पालिकेचा दिवा मात्र कित्येक महिने बंद होता.

वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करून रात्री नऊच्या सुमारास परततात. एका रात्री दुभाजकापासून चार पावलांवर त्यांना मोटारसायकलने उडवले. मांडीचे हाड मोडले. कामे सुटली आणि मुलीची शिकवणी बंद झाली. धडक देणारा मुलगा दारू प्यायलेला नव्हता, पळूनही गेला नाही. त्यानेच रिक्षा थांबवून मावशींना दवाखान्यात नेले. "मला दिसल्याच नाहीत हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "दादा, मला गाडी दिसली, पण गाडीवाल्याला मी दिसले नाही." पोलिसांच्या कागदावर मात्र 'पादचारी महिला अचानक आडवी आली' असे नोंदले गेले. फलकाचा त्यात उल्लेख नाही. फलकामुळेच अपघात झाला असे छातीठोकपणे आम्हीही म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीची नोंदच होत नाही, तिची चौकशी होणार कशी, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका चौकापुरता नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत 32,825 पादचारी होते आणि सुमारे 75 हजार दुचाकीवरचे होते. सर्वाधिक अपघात संध्याकाळी 6 ते रात्री 9 या वेळेत होतात. कष्टकरी माणसाची घरी परतण्याची हीच वेळ आणि फलक पेटण्याचीही हीच वेळ! या अहवालात अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल मोडणे, मोबाईल वापरणे अशी कारणे वेगवेगळी दिली जातात. जाहिरात फलकाने नजर दिपली किंवा विचलित झाली, असा रकाना त्यात नाही. फलकाचे उत्पन्न जमेच्या बाजूस पै-पैशाने लिहिले जाते, पण त्याची किंमत खर्चाच्या बाजूस कोणीच लिहीत नाही. असा ताळेबंद कोणत्याही लेखापरीक्षकाने मंजूर केला नसता.

कायदा नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 116 नुसार, चालकाचे लक्ष विचलित करील अशी जाहिरात हटवण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्याकडेच्या जाहिरातींबाबतचे धोरण 1972 सालीच ठरवून दिले आहे. चौकापासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको, हे त्यात आहे. दिल्लीतील वाहतुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 20 नोव्हेंबर 1997 रोजी, सुरक्षित वाहतुकीला धोका ठरणारे रस्त्याकडेचे फलक शोधून काढून टाकण्याचा आदेश दिला होता. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 21 ने जीविताचा हक्क दिला आहे आणि तो रस्ता ओलांडणाऱ्या मोलकरणीलाही आहे. कायदे पुष्कळ आहेत, ते हलवणारे हात मात्र कमी आहेत.

फलक कोसळला की सर्वांचे डोळे उघडतात. 5 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्यात जुना बाजार चौकात सांगाडा पडून चार जण गेले. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळून सतरा बळी गेले. त्यानंतर सांगाड्यांची तपासणी झाली, चौकशी समिती नेमली गेली. ते आवश्यकच होते. परंतु लोखंड किती मजबूत आहे हे पाहणाऱ्यांनी उजेड किती प्रखर आहे हेही पाहायला हवे. कोसळलेल्या फलकाचे बळी एका दिवसात मोजता येतात. दिपवणाऱ्या फलकाचे बळी एकेक करून जातात आणि निष्काळजी म्हणून नोंदले जातात.

मावशींच्या अपघातानंतर आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला, आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच घेतली. दीड महिन्याने उत्तर आले : 'सदर फलक परवानाधारक असून शुल्काचा नियमित भरणा होत आहे.' आम्ही विचारले होते उजेडाबद्दल, उत्तर मिळाले पैशांबद्दल. मग दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारले, की फलकाची रात्रीची प्रखरता कोणी, केव्हा आणि किती मोजली? उत्तर आले, 'अशी माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.' ही एक ओळ आम्हांला फार उपयोगी पडली. तिची प्रत जोडून वस्तीतल्या बासष्ट महिलांच्या सह्यांचे निवेदन दिले. तेव्हा कुठे खालचा बंद दिवा लागला आणि फलक रात्री अकराला बंद होऊ लागला. पण आमच्या बाया परततात त्या नऊला! म्हणून काम अजून संपलेले नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सूर्यास्तानंतर फलकाची प्रखरता ठरवून द्यावी आणि यंत्राने मोजून तिची नोंद ठेवावी. चौक, सिग्नल व रस्ता ओलांडण्याच्या जागेजवळ हलते चित्र नसावे. अपघाताच्या पंचनाम्यात जवळच्या फलकाचा उल्लेख करावा. ज्या चौकातून पालिकेला जाहिरातीचे उत्पन्न मिळते, त्या चौकातले दिवे आणि झेब्रा पट्टे आधी दुरुस्त व्हावेत. आणि आपणही जयंतीची रोषणाई करताना ती सिग्नलच्या आड येणार नाही व वाहनांच्या तोंडावर चमकणार नाही, याची काळजी घ्यावी. म्हणजे मागणी करताना आपला आवाज अधिक खणखणीत राहील.

तोवर घरच्यांसाठी एवढे जरूर करा. वडीलधाऱ्यांचे डोळे तपासून घ्या. दुचाकी चालवणाऱ्या मुलाच्या हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला, कारण ओरखड्यांवर उजेड अधिक फाकतो. रात्री कामावरून येणाऱ्या बहिणींच्या पिशवीवर आणि मुलांच्या दप्तरावर चमकणारी पट्टी शिवा. आणि आपल्या चौकात असा फलक असेल तर एका संध्याकाळी चार जणांनी उभे राहून पाहा, मोजा, कागदावर लिहा आणि अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.