पाव गोळीचा हिशेब

लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आलाय, गोळ्या छापायच्या आहेत, असं सरांनी सांगितलं तेव्हा शाई कुठली, हेच मी विचारणार होतो. शाई म्हणजे लगदा निघाला: स्टार्च, एचपीएमसी नावाचा चिकट पदार्थ आणि पाणी. औषध नाहीच, आम्हा शिकाऊंना आधी कोरी गोळी. लगदा सिरिंजमध्ये भरायचा, मोटर दट्ट्या ढकलते आणि मेंदीच्या कोनातून यावी तशी बारीक धार थरावर थर चढवत जाते.

बघायला भारी. पण लगदा पातळ झाला की थर पसरतात, घट्ट झाला की नोझल तुंबते, बुडबुडा राहिला की मधली रेघच गायब. त्यात लाइट गेली. गोळी अर्धवट राहिली आणि वीज आल्यावर यंत्र निमूटपणे नवी गोळी काढायला लागलं! वाळलेल्या गोळ्या दिसायला सारख्या. वजनकाट्यावर मात्र प्रत्येकीचा आकडा वेगळा. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या मानक-ग्रंथानुसार 250 मिलीग्रॅम किंवा त्याहून जड गोळीला सरासरीपेक्षा 5 टक्के कमीजास्त चालतं. 20 गोळ्यांत दोनपेक्षा जास्त त्याबाहेर गेल्या की खेप नापास. आमची गेलीच.

मग हा खटाटोप कशाला? कारखान्यातलं यंत्र तासाभरात ढिगाने गोळ्या पाडतं. पण सुटीत मी वाशिमला एका मेडिकलवर उभा राहतो. तिथे आईबाप विचारतात, "भाऊ, पाव गोळी कशी तोडाची?" लेकराला झटके येतात, डॉक्टर वजनाप्रमाणे मात्रा लिहितात, त्या मापाची गोळी नसते. सिरप मिळालं तर ठीक, नाहीतर गोळी कुटून पुड्या. प्रत्येक पुडीत औषध सारखं गेलं का, देव जाणे.

2015मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्प्रिटाम या पहिल्या छापील गोळीला मंजुरी दिली, तीही फिट्सवरचीच: लेव्हेटिरासिटाम. भुकटीच्या थरावर द्रवाचे थेंब टाकून बनवलेली, म्हणून सच्छिद्र. घोटभर पाण्यात विरते. पण येते ठरावीक मापांतच. आमच्या लेकराला तिचा काय उपयोग? त्यापेक्षा स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या रुग्णालयातलं काम मला मोठं वाटतं. एका दुर्मीळ चयापचय-विकाराच्या मोजक्या मुलांसाठी तिथे आयसोल्युसिनच्या चघळायच्या गोळ्या ज्याच्या-त्याच्या मात्रेने छापल्या.

आमच्या लॅबमध्येही कॉम्प्युटरवर गोळीचा व्यास थोडा कमी केला आणि पुढची गोळी खरंच हलकी निघाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राला जागा फार लागत नाही. लागते ती अखंड वीज, नेमका काटा, प्रत्येक खेप तपासणारा माणूस आणि 1940च्या औषध कायद्याची चौकट.

आपल्या गावात हे येईल तेव्हा येईल. तूर्तास, गोळीवर मधोमध रेघ नसेल किंवा नावापुढे एसआर, ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल, तर फार्मासिस्टला विचारल्याशिवाय ती तोडू किंवा कुटू नका.