एकसष्टावं मूल

जून जवळ आला की आमच्या वणीत बायकांचा एकच विषय : पोरं कुठल्या शाळेत घालायची? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. जिल्हा परिषदेची शाळा जवळ, सगळी तिथंच. आता दारोदार व्हॅन थांबते आणि ज्याच्या दारी ती थांबत नाही ते घर उगीचच खालचं वाटू लागतं.

यंदा धाकटीची पाळी. ह्यांचं म्हणणं इंग्रजी माध्यम. सासूबाई म्हणाल्या, "अरे, घरात इंग्रजी येतं कुणाला? अभ्यास कोण घेणार?" घरात धुसफूस चालू असतानाच शाळेतल्या बाई आल्या. भर उन्हात घरोघर फिरत होत्या बिचाऱ्या! चहा घेताघेता त्यांनी हिशेब सांगितला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत तीन. आमच्या शाळेचा पट नेमका त्या काठावर. दोन-चार मुलं व्हॅनमध्ये बसली की तिसरी जागा गेलीच. मग दोघांनी चार वर्ग सांभाळायचे, शिवाय सरकारी माहित्या नि खिचडीचा हिशेब. शिकवणं ढिलं पडणारच, आणि ते पाहून आणखी मुलं जाणार.

तरी मी नुसत्या शब्दावर विसंबले नाही. शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात जाऊन तिसरीच्या मुलांना धडा वाचायला लावला. एक मुलगी घडाघडा वाचून गेली. शेजारचा मुलगा अक्षर-अक्षर जुळवत होता. त्याचे आईबाप सुरगाण्याकडचे, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी तालुक्यातल्या बागांवर कामाला येतात. नाव एका गावच्या पटावर, मूल दुसऱ्याच गावच्या बांधावर. त्याच्याजवळ बसून वाचून घ्यायला तिसरा माणूस हवाच, नाही का?

'असर'चे आकडे पाहा. देशातल्या खेड्यांत ६ ते १४ वर्षांची, सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ मध्ये शेकडा ६५.६ होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, ती ७२.९ झाली, २०२४ मध्ये परत ६६.८. हातात पैसा नव्हता तेव्हा हीच शाळा चालली की आपल्याला!

धाकटीचं नाव मी घातलं. ह्यांची अट एवढीच, की दर शनिवारी तिचं वाचन मी ऐकायचं. बाईंनाही तसं सांगून ठेवलंय. शेजारच्या वहिनींचं अजून ठरत नाहीये. उद्या पापड लाटायला येतील तेव्हा विषय काढणार आहे.