पोपटाची कॅसेट

आमच्या खुलताबादला तीन निमित्तांनी गर्दी लोटते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला, उरुसात जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याला, आणि १४ एप्रिलला आपली स्वतःची. माझा थोरला भाऊ या तिन्ही गर्दींत कॅसेटी विकायचा. एक लोखंडी खाट, वर ताडपत्री, एक टेपरेकॉर्डर आणि दोन खोकी. मारुतीच्या वाटेवर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, उरुसात कव्वाल्या, जयंतीला भीमगीतं. गंमत अशी, की तिन्ही ठिकाणी हात घातला की शिंदे आडनावाची कॅसेट हाताला लागायचीच. त्यातल्याच एका कॅसेटीनं आमच्या घरात भांडण लावलं.

आमचे अण्णा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना तोंडपाठ. नामांतराच्या लढ्यात गावोगाव त्यांची पार्टी फिरली. सुपारी काय मिळायची म्हणता, भाडं आणि जेवण. पण रात्र रात्र माणसं जागची हलत नसत. मग कॅसेटचे दिवस आले. त्याआधी गाणं म्हणजे तबकडी, आणि तबकडी काढणाऱ्या कंपनीचा उंबरा आपल्या गायकाला ओलांडायला मिळणं मुश्कील. १९८० नंतर मुंबईत कॅसेटच्या लहान लहान कंपन्या निघाल्या. पेटी, ढोलकी, बेंजो, चार कोरसवाले आणि एक दमदार गळा, एवढ्यावर कॅसेटच्या दोन्ही बाजू भरता येऊ लागल्या. सगळी गाणी चाललीच पाहिजेत असं नाही. एक चाललं, की बाकीची त्याच्या मागोमाग घरोघर जातात.

प्रल्हाद शिंदे यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे या धंद्यातूनच वर आली, आणि आनंद शिंदे यांच्या गळ्यातलं ‘नवीन पोपट हा’ असं काही चाललं की विचारू नका. हॉटेलात पोपट, रसवंतीवर पोपट, वेरूळचा घाट उतरणाऱ्या जीपगाडीत पोपट. भाऊ शहरातून कॅसेटी आणायचा, त्या संध्याकाळपर्यंत संपायच्या. ढोलकीचा ठेका असा, की घरामागं आम्ही मुली धुणं धुता धुता नाचायचो. शब्द चावट आहेत हे कळत होतं. खोटं कशाला बोलू, त्यामुळंच जास्त आवडायचं.

एकदा एक गिऱ्हाईक ‘आनंद-मिलिंदची द्या’ म्हणून आलं. दुकानावर मी होते. मी त्याला ‘कयामत से कयामत तक’ची कॅसेट दिली, कारण १९८८ च्या त्या सिनेमाचे संगीतकारही आनंद-मिलिंदच. दुसऱ्या दिवशी तो परत आला, ‘बाई, यात पोपट कुठंय?’ तेव्हा भावानं मला जोडी समजावून सांगितली. अण्णा तिथंच बसले होते. ते म्हणाले, ‘नावं बघ कशी आहेत. आनंद तथागतांचा शिष्य आणि मिलिंद नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा.’ बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या कॉलेजला पुढं मिलिंदचंच नाव मिळालं, परिसराला नागसेनवन. धर्मांतरानंतर आपल्या घराघरांत ही नावं आली. ‘असली नावं,’ अण्णा म्हणाले, ‘आणि गातात काय, तर पोपट!’

भडका उडाला तो जयंतीच्या रात्री. मिरवणूक संपली होती, पण बाबासाहेबांची तसबीर अजून ट्रॅक्टरवर होती. पोरांनी पोपटाची फर्माईश केली आणि भावानं लावलं. अण्णा उठले आणि कर्ण्याची वायर ओढून काढली. ‘पोपट पढवलेलं बोलतो. बाबासाहेबांनी आपल्याला पढवलेलं बोलायला शिकवलं का?’

भाऊही तरणाबांड. तो सगळ्यांसमोर बोलून गेला, ‘तुमच्या दम्याच्या गोळ्या या पोपटावरच येतात, अण्णा.’

तिथं अण्णा जे गप्प झाले ते झालेच. आता वाटतं, राग एकट्या पोपटावर नव्हता. पाच माणसांना गाडीभाडं देऊन जेवू घालण्यापेक्षा कर्णा लावणं स्वस्त, हा हिशेब वस्तीवस्तीत झाला होता आणि अण्णांची पेटी माळ्यावर गेली होती. ज्या कॅसेटीनं बापाची सुपारी गेली, तिच्यावरच पोराचं पोट चाललं होतं.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका आळीत लग्न होतं. त्या आळीतून आमची वरात वाजत न्यायची म्हटलं, की आधी चार घरी विचारायला जावं लागे. त्या दिवशी तिथं बँडवाल्यानं पोपट धरला आणि नवरदेवाच्या चुलत्यासकट सगळे धुळीत नाचले. भाऊ म्हणाला, ‘बघा अण्णा, आपल्या माणसाच्या गाण्यावर नाचतायत.’ अण्णांनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, ‘नाचतायत ते दिसतंय. कोण गातंय म्हणून विचारलं का कुणी?’

ते भावाच्या मनात राहिलं. चार-आठ दिवसांनी त्याच आळीतला एकजण पोपटाची कॅसेट घ्यायला आला. भावानं तिच्याबरोबर याच भावांची भीमगीतांची कॅसेट पुढं केली. म्हणाला, ‘हीपण घ्या, गळा तोच आहे.’ माणसानं कॅसेट हातात घेतली, उलटून पाहिली. वर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यानं ती हळूच खाटेवर ठेवली, पोपटाचे पैसे दिले आणि निघून गेला. भांडला नाही, काही बोलला नाही.

रात्री जेवताना भावानं हे सांगितलं. अण्णा भाकरी मोडत होते, ते म्हणाले, ‘कुठाय ती? लाव.’ सबंध बाजू ऐकली त्यांनी. बोटं ताटाच्या कडेवर चालत होती, पेटीवर चालावीत तशी. मध्येच एका जागी थांबून म्हणाले, ‘हरकत बापासारखीच घेतो.’ पोपटाबद्दल त्यांचं मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही.

प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, वामनदादाही त्याच वर्षी. पुढं ‘जत्रा’ सिनेमात आनंद शिंदे यांनी ‘कोंबडी पळाली’ गायलं, तेव्हा आई म्हणाली, ‘अण्णा असते तर म्हणाले असते, पोपट गेला आणि कोंबडी आली.’ अण्णा त्याआधीच गेले होते. कॅसेटचा धंदाही बसला, भाऊ आता मोबाईलचं दुकान चालवतो. त्या खोक्यांतल्या दोनच कॅसेटी घरी उरल्यात. पोपटाची फीत घासून घासून तुटली आहे. दुसरी ती, खाटेवर परत ठेवलेली. नंतर बऱ्याच जणांनी मागितली, पण ती भावानं कुणालाच विकली नाही.