आधी चेंडू पडायची जागा ठरव

व्हाइटफील्ड, बंगळूरु

चि. ऋत्विक,


तुझा गोल्फचा व्हिडिओ पाहिला. ड्रायव्हर सुरेख लागतोय, पण शेवटच्या तीस यार्डांत तीन-चार फटके जातात असं तूच लिहिलंस. म्हणून हे पत्र. पार 72 च्या कोर्सवर दर होलला दोन, असे 36 पटिंगचे फटके पारच्या हिशेबातच धरलेले असतात. तिथे वाया गेलेला फटकाही अडीचशे यार्डांच्या फटक्याइतकाच मोजला जातो.

मी सकाळी आमच्या सोसायटीच्या लॉनवर तीन-चार पावलांवर एक नॅपकिन अंथरते. वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाकडे जरासा सरकवलेला, हात चेंडूच्या किंचित पुढे. नजर झेंड्यावर नाही, नॅपकिनवर ठेवायची. तेवढ्याच स्विंगने आधी नऊ नंबरची आयर्न, मग पिचिंग वेज, मग सँड वेज. तिन्ही चेंडू नॅपकिनवरच पडतात, पण आयर्नचा पार पुढे घरंगळत जातो आणि सँड वेजचा लवकर थांबतो. हा फरक हातात मुरला की झेंडा कुठेही असो, पडायची जागा आपोआप दिसायला लागते. ‘अंदाजाने मारला’ हे तुझं नेहमीचं वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

दुसरं, बादलीभर चेंडू घेऊन एकाच जागेवरून मारत बसू नकोस. दहावा चेंडू झकास जातो, कारण आधीच्या नऊंनी चूक दाखवलेली असते. कोर्सवर ते नऊ मिळत नाहीत. एकच चेंडू घे. चिप कर, पटर घे, होलमध्ये घाल आणि मगच जागा बदल. कधी उतार, कधी दाट गवत, कधी टक्कल पडलेली जमीन.

लांब फटके सोड, असं मात्र मी म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांचे फटके मोजून दाखवलंय की त्यांच्यातला फरक बराचसा लांबच्या फटक्यांतच पडतो. तुझा मात्र आज ग्रीनपाशी पडतोय, तर तिथेच तास घाल.

अदिती अशोकचं बघ ना. इथून शहराकडे जाताना जुन्या विमानतळ रस्त्यालगत कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं कोर्स आहे. तिथेच ती लहानपणी खेळायला शिकली. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला जाण्याआधी तिला कोविड झाला, ताकद घटली, ड्राइव्ह आखूड झाले. नेली कोर्डासारख्या खेळाडू तिच्या कितीतरी पुढे चेंडू टाकत होत्या. जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली ही मुलगी वेज आणि पटरच्या जोरावर शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली. 15 अंडर, चौथी, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. त्या शनिवारी देशभर किती घरांत पहिल्यांदाच गोल्फ लागलं होतं! मला तर आजही ते आठवून भरून येतं.

डिसेंबरात येशील तेव्हा ड्रायव्हर पुण्यातच राहू दे. पटर आणि दोन वेज घेऊन ये. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या